टोपी, धूर आणि छत्री असूनही फोटोत गोष्ट का दिसत नाही?

प्रश्न जालन्याच्या एका तरुणाचा आहे. वडिलांच्या कपाटात जुना, पूर्ण मेकॅनिकल कॅमेरा सापडला, त्याला ५० एमएमची लेन्स आहे. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म मागवली आणि जुन्या सिनेमांच्या वेडापायी मित्राला लांब कोट, टोपी घालून रात्री दिव्याखाली उभं केलं. कधी धूर केला, कधी रेल्वे स्टेशनबाहेर हातात छत्री दिली. फोटो सगळ्यांना आवडले. “जुन्या पिक्चरमधला वाटतोय,” असं म्हणाले आणि पुढच्या फोटोकडे वळले. पुढे काय झालं, हा कोण, असं कुणीच विचारलं नाही. म्हणून विचारणा अशी: एका फोटोतून गोष्ट सुचवता येते का, आणि येत असेल तर त्यासाठी कोणती फिल्म, कोणती लेन्स घ्यावी?

सुचवता येते, नक्की येते. फिल्म आणि लेन्सबद्दलही सांगतो, पण नंतर, कारण तुमची अडचण तिथे नाही. तुमच्या फोटोंत वेश आहे, प्रसंग नाही. कोट-टोपीतला माणूस उभा आहे, पण तो कुठून आला, का थांबला, कुणाला टाळतोय, याचा एकही धागा बघणाऱ्याच्या हाती लागत नाही. त्याला एवढंच ओळखू येतं की हे जुन्या सिनेमासारखं केलंय. ते ओळखलं की त्याचं बघणं संपलं. त्यातून तो कोट आणि ती टोपी चाळीसच्या दशकातल्या अमेरिकन गुन्हेपटांतली. तिथल्या प्रेक्षकाला तो वेश बघताच माणसाचा धंदा कळायचा. जालन्यात तसा माणूस कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल अंदाज बांधायला कुणाकडे काही नसतं.

वडिलांना एक विचारून बघा. टॉकीजच्या बाहेर काचेच्या पेटीत पिक्चरचे फोटो लावलेले असायचे. तिकीट काढायच्या आधी लोक तिथे घोळका करून उभे राहायचे आणि त्या मोजक्या फोटोंवरून गोष्ट रचायचे: हा हिचा भाऊ असणार, हा व्हिलन, हिला शेवटी मारतात बहुतेक. ते फोटो सिनेमाच्या रिळातून कापलेले नसायचे. सेटवर वेगळा स्टिल फोटोग्राफर असे. शॉट झाला की तो नटांना पुन्हा जागेवर थांबवून आपल्या कॅमेऱ्याने फोटो घेई. म्हणजे तीन तासांतला एक क्षण निवडून, थांबवून, मुद्दाम मांडलेला असे. तुम्हाला करायचंय ते हेच काम. फरक एवढाच की तुमच्यामागे सिनेमा नाही. तो नसला तरी चालतं. सिंडी शर्मन या अमेरिकन कलावतीने १९७७ ते १९८० या काळात स्वतःच वेगवेगळ्या बाया होऊन ब्लॅक अँड व्हाइट फोटोंची एक अख्खी मालिका केली. ते सगळे कधीच न बनलेल्या सिनेमांचे स्टिल्स आहेत, आणि बघणाऱ्याला हा सिनेमा आपण कुठेतरी पाहिलाय असं वाटत राहतं.

आता मी माझ्या कामात कशावर भिस्त ठेवतो ते सांगतो. प्रसंग ओळखीचा हवा आणि त्यात एकच गोष्ट न जुळणारी हवी. ओळखीचा प्रसंग नसेल तर बघणारा आत शिरत नाही. न जुळणारं काही नसेल तर तो आत शिरून लगेच बाहेर येतो. आणि न जुळणाऱ्या गोष्टी तीन-चार झाल्या की त्याला कोडं घातल्यासारखं वाटतं आणि तो कंटाळतो.

उदाहरण घ्या. रात्रीचा एसटी स्टँड, सिमेंटचा बाक, त्यावर नवरदेवाच्या कपड्यांत एकटाच बसलेला तरुण. मुंडावळ्या डोक्यावर नाहीत, मुठीत आहेत. बस्स, एवढंच. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. लग्न त्याच्या ओळखीचं, स्टँड ओळखीचा, मुंडावळ्या कधी सोडतात तेही त्याला ठाऊक. नवरदेव एकटा असणं आणि मुंडावळ्या मुठीत असणं ही एकच न जुळणारी गोष्ट आहे, आणि तिच्यातून प्रश्न उठतो: पळून आला, की लग्न मोडलं, की ती यायची आहे? आता या फोटोत बाकाखाली दारूची बाटली ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. बाटली आली की उत्तर आलं, प्रेमभंग. त्याला रडवू नका, पाऊस पाडू नका, हातात फाटका फोटो देऊ नका. प्रत्येक जादा वस्तू बघणाऱ्याच्या वाटचं काम स्वतः करून टाकते.

जब्बार पटेल आणि तेंडुलकरांचा १९७४ चा ‘सामना’ तुम्ही पाहिला असेल. अख्खा सिनेमा एका प्रश्नावर उभा आहे: मारुती कांबळेचं काय झालं? साखर कारखाना, सत्ता, दारू, गावाची भीती, सगळं त्या एका प्रश्नाच्या मागून आपोआप येतं. फोटोत तर जागा आणखी कमी. एका फ्रेममध्ये एकच प्रश्न मावतो.

तुमचा स्टेशनबाहेरचा छत्रीचा फोटो मी या अंगाने बघतो. त्यात मित्र कॅमेऱ्याकडे बघतोय. जुन्या सिनेमात नट कॅमेऱ्यात फारच क्वचित बघतो. बघितलं की तो नट उरतो, पात्र जातं. त्याची नजर फ्रेमच्या बाहेर जाऊ द्या, आणि ज्या दिशेला तो बघतोय तिकडे जागा कमी ठेवून पाठीमागे जास्त ठेवून बघा. समोरची जागा कोंडली आणि मागची मोकळी राहिली की मागून कुणीतरी येणार असं वाटायला लागतं. तिथे काहीच नसतं, पण वाटतं. छत्री ठेवायची असेल तर ती बाईमाणसाची, फुलाफुलांची असू द्या आणि पाऊस नसू द्या. कोट आणि टोपी मात्र काढाच.

यात परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे हेही सांगायला हवं. तुमच्याकडे अभिनय जमणारा मित्र आहे की फक्त उभा राहू शकणारा, एकच फोटो भिंतीवर लावायचाय की पाच-सहा फोटो ओळीने, दिवसा काम करता येतं की नोकरी-कॉलेज सांभाळून रात्रीच, यावर पुढचं बदलतं. मी बहुतेक काम गावातल्या जुन्या घरांत, दिवसाच्या उजेडावर करतो, म्हणून त्याबद्दल खात्रीने बोलू शकतो.

उजेडाबद्दल बोलायला लागलो की मी थांबत नाही, पण जुन्या सिनेमाकडून घ्यावं असं सगळ्यांत मोठं हेच आहे. तिथे उजेडाला कारण असतं. तो खिडकीतून येतो, कंदिलातून येतो, दार उघडलं म्हणून येतो. १९५९ च्या ‘कागज के फूल’मध्ये रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा उजेडाचा झोत आहे. तो कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरसे लावून बाहेरचं ऊन आत आणून केला. १९५६ च्या ‘अपराजितो’मध्ये बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला होता. त्यावर कॅमेरामन सुब्रत मित्रांनी कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्यावर आपटून खाली सोडला, म्हणजे आभाळातून येतो तसा पसरट उजेड मिळाला. एकाने आरसा वापरला, दुसऱ्याने कापड. या दोन्ही वस्तू तुमच्या घरात आहेत, आणि आरशावर मारायला लागतं ते ऊन मराठवाड्यात वर्षातले बहुतेक महिने भरपूर मिळतं. इथल्या माळवदाच्या घरांच्या भिंती जाड, खिडक्या लहान, आत भर दुपारीही अंधार. बाहेर कडक ऊन आणि आत काळोख, यापेक्षा चांगला स्टुडिओ भाड्यानेही मिळायचा नाही.

अंबाजोगाईजवळच्या एका गावातल्या वाड्यात काढलेला एक फोटो सविस्तर सांगतो. प्रसंग जेवणाचा. ओसरीवर समोरासमोर दोन पाट, दोन वाढलेली ताटं. एका पाटावर साठीची बाई बसलेली, दुसरा रिकामा. मागे चौक, चौकापलीकडे देवडीचं उघडं दार. बाई त्या वाड्यातल्याच, त्यांना मी सांगितलं की चेहऱ्यावर काहीच आणू नका, ताटाकडे बघा आणि हात मांडीवर ठेवा. चौकात चार वाजल्यानंतरचं ऊन होतं. घरातल्या मुलाला कपाटाचा निखळलेला आरसा धरून तिथे बसवलं आणि कवडसा ओसरीवर घेतला. तो बाईंवर नाही टाकला. तो टाकला रिकाम्या पाटावर आणि त्याच्यासमोरच्या ताटावर. जो माणूस फोटोत नाही त्याच्या जागेवर सगळ्यांत जास्त उजेड, आणि जी बाई आहे ती अर्ध्या अंधारात. बघणाऱ्याचा डोळा आधी रिकाम्या पाटावर जातो, तिथे कुणी नाही म्हणून मग बाईंकडे, आणि तिथून मागच्या उघड्या दाराकडे. हा क्रम उजेडाने ठरवला.

ताट आधी स्टीलचं होतं. कवडसा पडला की ते इतकं चमकायचं की डोळ्यात खुपायचं, म्हणून पितळी काढून घेतलं. एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, मी भाकरीवरून घेतलं. उजेड मोजणारा मीटर समोरच्या प्रत्येक वस्तूला मध्यम करडी समजतो आणि ज्वारीची भाकरी त्याहून उजळ असते, म्हणून रीडिंगपेक्षा एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्त दिला. बाईंच्या बाजूला पांढरी चादर धरली होती, तिच्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड भाकरीपेक्षा तीनच स्टॉप खाली राहिला. चादर नसती तर चेहरा आणखी खाली गेला असता आणि निगेटिव्हवर डोळे उरले नसते. फिल्म १२५ आयएसओची (हा आकडा मोठा तितका फिल्मला उजेड कमी लागतो), लेन्सचं छिद्र एफ/११ (हा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर १/६० सेकंद, कॅमेरा ट्रायपॉडवर. कवडसा लावून निवांत बसू नका. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे आरसा तसाच ठेवला तर पाच मीटरवरचा कवडसा तेवढ्या वेळात साधारण नऊ सेंटिमीटर हलतो. पाटावरचा उजेड बघता बघता जमिनीवर जातो. म्हणून आरसा टेकवून ठेवण्यापेक्षा धरणारा माणूस बरा. झोत हवेत दिसायला हवा असेल तर धुपाटण्यात ऊद टाका आणि धूर पसरून विरळ झाला की मग फोटो घ्या. धुराचे लोट दिसले की नाटक वाटतं.

आता या फोटोतली खरी गोष्ट. रिकाम्या पाटासमोरची भाकरी आम्ही आधी अख्खी ठेवली होती. मग त्याच जागी, त्याच उजेडात एक फ्रेम अशी घेतली की भाकरीचा एक तुकडा मोडलेला आणि कालवणात बुडवून तसाच ठेवलेला. बाकी काहीही बदललं नाही. दोन्ही प्रिंट लोकांना दाखवल्या. अख्ख्या भाकरीचा फोटो बघणारे विचारायचे, कोण यायचंय? मोडलेल्या भाकरीचा फोटो बघणारे विचारायचे, कोण उठून गेलं? आणि काहीजण लगेच पुढचं, भांडण कशावरून झालं? एका घासाने वाट बघणं पालटून जेवता जेवता उठून जाणं झालं, पुढच्या दहा वर्षांची गोष्ट बदलली. तुम्ही लेन्सबद्दल विचारलंत म्हणून हे मुद्दाम सांगतोय. त्या दिवशी मी कुठलीही लेन्स लावली असती तरी निवड या तुकड्यापाशीच करावी लागली असती.

मोडलेल्या भाकरीत आणखी एक गोष्ट आहे. ती कृती अर्धवट आहे. सुरू झाली, पुरी झाली नाही. कृती सुरू व्हायच्या आधीचा फोटो आणि संपल्यानंतरचा फोटो यांच्यापेक्षा मधला फोटो जास्त बोलतो, कारण त्याला मागचंही टोक असतं आणि पुढचंही. कुलूप लावून चाललेला माणूस नको, किल्ली कुलपात असताना मागे वळलेला हवा.

लेन्स. जुन्या सिनेमाची जी खोली तुम्हाला आवडते, जवळचा माणूसही स्पष्ट आणि लांबच्या दारातलाही, ती ग्रेग टोलंड या कॅमेरामनने १९४१ च्या ‘सिटिझन केन’मध्ये वाइड लेन्स, भरपूर दिवे आणि लहान छिद्र वापरून आणली. आज सगळ्यांना मागचं धूसर हवं असतं. गोष्टीसाठी ते बहुतेकदा मारक आहे. जवळ ऐकणारी सून आणि लांब ओसरीवर बोलणारे दोघे, ही गोष्ट दोन्ही टोकं स्पष्ट असतील तरच आहे. ३५ एमएम लेन्सवर एफ/११ ला साधारण पावणेचार मीटरवर फोकस ठेवला तर दोन मीटरच्या थोडं अलीकडून ते पार लांबपर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. तुमच्या ५० एमएमवर एफ/१६ ला सव्वापाच मीटरवर ठेवा, अडीच-पावणेतीन मीटरच्या पुढचं मिळेल. नवी लेन्स घ्यायची गरज नाही, दोन पावलं मागे जा.

शटर स्पीड मात्र बदला. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम चालतो आणि साधारण प्रत्येक फ्रेम १/४८ सेकंद उजेड खाते. म्हणून सिनेमातला चालता पाय, वळती मान किंचित पुसट असते आणि आपल्या डोळ्यांना त्या पुसटपणाची सवय झालेली आहे. तुम्ही १/५०० ला घेतलेला चालणारा माणूस हवेत गोठतो, तो खेळाच्या पानावरचा फोटो वाटतो. १/३० ते १/६० मध्ये राहा. भर उन्हात ४०० च्या फिल्मवर हे जमणार नाही, म्हणून बाहेरचं काम सांजेला करा किंवा १०० ची फिल्म घ्या. रात्री एसटी स्टँडच्या ट्यूबलाइटखाली ४०० ची फिल्म ८०० समजून, एफ/२ आणि १/६० वर निभतं. मग डेव्हलपिंगचा वेळ तेवढा वाढवायचा. एवढं लक्षात असू द्या की असं केल्याने उजळ भाग चढतो, सावलीत जे आलंच नाही ते आणता येत नाही. आणि स्टँडवर ट्रायपॉड लावण्याआधी वाहतूक नियंत्रकांना सांगा. आधी सांगितलं की सहसा अडवत नाहीत.

फ्रेमचा आकार: रुंद पडदा येण्याआधीचे बहुतेक बोलपट १.३७ ला १ या मापाचे होते. तुमची फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे दीडास एक. दोन्ही बाजूंनी मिळून तीन मिलिमीटर काढले की ते माप येतं. फरक थोडा वाटतो, पण उभी माणसं आणि दारं त्यात चांगली बसतात.

फिल्म आणि फिल्टरबद्दल. नेहमीच्या ४०० च्या फिल्मा, इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स, या कामाला पुरेशा आहेत. कोडॅकची डबल-एक्स ही खरी सिनेमाची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म रिळांत भरून विकणारेही असतात. मिळाली तर वापरा, तिच्यासाठी अडून बसू नका. रंगीत करायचं असेल तर टंगस्टन फिल्म, म्हणजे बल्बच्या पिवळ्या उजेडासाठी बनवलेली, रात्री बल्बच्या उजेडात छान दिसते, पण दिवसा निळी पडते आणि महाग पडते. पहिली काही रिळं ब्लॅक अँड व्हाइटच काढा असं मी सांगेन.

फिल्टरमध्ये एक गोष्ट बाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाही, कारण ती आपली आहे. आभाळ काळं, नाट्यमय करायला लाल फिल्टर लावतात. तो तीनेक स्टॉप उजेड खातो आणि आभाळ खरोखर काळंभोर करतो. पण लाल फिल्टरमधून लाल रंग उजळ येतो. बाईच्या कपाळावरचं कुंकू त्वचेच्या रंगात मिसळून जवळजवळ नाहीसं होतं, ओठही फिके पडतात. कुंकू पुसलं गेलं की मराठी बघणारा काय वाचतो हे मी सांगायला नको. तुम्ही आभाळासाठी फिल्टर लावला आणि बाई विधवा झाली. हीच गोष्ट उलटीही वापरता येते. ऑर्थो फिल्मला लाल दिसतच नाही, त्यामुळे तिच्यावर कुंकू काळंकुट्ट, ठळक उतरतं, आणि सुरुवातीचे मूकपट अशाच फिल्मवर निघाले असल्याने चेहऱ्यालाही त्या काळाची छटा येते. त्यामुळे बाई फ्रेममध्ये असेल तर मी पिवळ्या फिल्टरच्या पुढे जात नाही. एक स्टॉप जातो, आभाळ थोडं उतरतं आणि कुंकू शाबूत राहतं. कुंकू पुसट हवंच असेल तर तो निर्णय घेऊन लाल लावावा.

चेहऱ्यावर भाव आणू नका असं वर दोनदा म्हणालो. त्याचं कारण लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने १९२० च्या आसपास दाखवलं. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्याने कधी सूपच्या वाटीशेजारी, कधी शवपेटीशेजारी, कधी तरुणीशेजारी जोडला. बघणाऱ्यांना त्यात भूक, शोक, वासना दिसली. चेहरा मोकळा ठेवला की शेजारची वस्तू त्यात भाव भरते. तुम्हाला एका फोटोत जमत नसेल तर जोडीने सुरुवात करा: एका प्रिंटमध्ये चेहरा, शेजारच्या प्रिंटमध्ये तो बघतोय ती वस्तू. वस्तू बदलत राहा. हा सराव स्वस्त आहे, कारण चेहऱ्याची एकच निगेटिव्ह पुरते.

अजिंठा तुमच्यापासून लांब नाही. सतराव्या लेण्यातलं विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची गोष्ट, बघायला एकदा जा. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा येतो, दान देतो, नगर सोडतो, वनात जातो. चितारणाऱ्याला ठाऊक होतं की समोर उभ्या राहणाऱ्या माणसाला जातक माहीत आहे, म्हणून एकेक क्षण दाखवून त्याला पुढे सरकता आलं. तुमच्या बघणाऱ्याला तुमची गोष्ट माहीत नसते. पण लग्न, जेवण, प्रवास, वाटणी, आजारपण या गोष्टी त्याला पाठ आहेत. तुमचं जातक ते आहे.

आणि एक विनंती आहे. मराठवाड्यात फोटो काढायचा म्हटलं की भेगाळलेली जमीन आणि डोक्यावर घागरी घेतलेल्या बाया समोर येतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ते खरं आहे आणि ते बातमीदाराने जसंच्या तसं दाखवलंच पाहिजे. पण आपल्या कल्पित गोष्टीसाठी ती दृश्यं नेपथ्य म्हणून वापरू नयेत. एक तर बघणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे प्रश्न उठत नाही. दुसरं, आणि माझ्यासाठी हे जास्त महत्त्वाचं, ती माणसं खरी असतात. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचा ट्रॅक्टर रस्त्यात दिसला म्हणून लांबून फोटो घ्यायचा आणि तो तुमच्या ‘पळून चाललेल्या जोडप्या’च्या मालिकेत लावायचा, हे मला मान्य नाही. त्यांच्या आयुष्याला तुम्ही दुसरीच गोष्ट चिकटवता आणि त्यांना पत्ताही नसतो. गोष्ट रचायची तर माणसांना बसवून सांगा, काय करतोय ते समजावा, हो म्हणाले तरच काढा आणि प्रिंट नेऊन द्या. वाड्यातल्या बाईंनी आमची गोष्ट ऐकून स्वतःच सुचवलं होतं की रिकाम्या पाटाशेजारी पाण्याचा तांब्या भरलेलाच असू दे. फोटोत तो तसाच आहे.

डेव्हलपिंग घरी करत असाल तर उन्हाळ्याकडे लक्ष द्या. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी हात पोळेल इतकं तापतं आणि डेव्हलपिंगचे तक्ते २० अंशांवर लिहिलेले असतात. आपली हवा कोरडी, त्यामुळे माठातलं पाणी चांगलं गार होतं. डेव्हलपरची बाटली त्यात बसवून ठेवा, नाहीतर बर्फाच्या पाण्यात. २४ अंशांवर करायचं झालं तर वेळ तक्त्याप्रमाणे कमी करा, पण पाच मिनिटांच्या खाली नेऊ नका, डेव्हलपिंग एकसारखं होत नाही. धुण्याचं पाणीही त्याच्या जवळपासच्या तापमानाचं ठेवा. काढलेलं रीळ गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका.

फोटो जमला की नाही ते कसं ओळखायचं? प्रिंट करा, नाव देऊ नका, काही सांगू नका, आणि फोटोग्राफीशी संबंध नसलेल्या चार-सहा माणसांना दाखवा. “कसा आहे?” असं विचारलंत तर “छान” एवढंच मिळेल. “याच्या आधी काय झालं असेल?” असं विचारा. कुणालाच काही सुचलं नाही तर ओळखीचा प्रसंग कमी पडला. सगळ्यांनी एकच उत्तर पटकन दिलं तर वस्तू जास्त झाल्या, एक काढून पुन्हा घ्या. उत्तरं वेगवेगळी आली पण सगळे त्याच मुंडावळ्यांबद्दल, त्याच भाकरीबद्दल बोलत असतील तर फोटो जागेवर बसला. फोटोखाली गाव आणि साल लिहा, गोष्ट लिहू नका.

पुढच्या रिळात कोट-टोपीच्या जागी तुमच्या घरातला एखादा प्रसंग घ्या, त्याच उजेडात त्याच्या दहा-बारा फ्रेम काढा आणि दर फ्रेमला एकच वस्तू किंवा एकच कृती बदला. झालं की निवडलेला फोटो न पाठवता पूर्ण कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रिळातल्या सगळ्या फ्रेम एकाच कागदावर छापलेली प्रिंट, पाठवा. कोणत्या फ्रेमपासून गोष्ट सुरू झाली ते त्यावर बोट ठेवून सांगता येईल.